जोडीदाराच्या नावावर कॅनडाचा पीआर: सेवा कशी आहे आणि खान्देशातली फाईल कुठे अडते

नवरा किंवा बायको कॅनडात पीआर (कायम राहायचा हक्क मिळालेली) वा नागरिक आहे आणि दुसरं माणूस तिथेच वर्क परमिटवर राबतंय, किंवा इकडे चोपड्या-शहाद्यात बसून वाट बघतंय. अशा जोडप्याला ‘स्पाउस स्पॉन्सरशिप’ हा पीआरचा सगळ्यांत सरळ रस्ता आहे. गुणांची चढाओढ नाही, इंग्रजीची परीक्षा नाही, पदवीचं मूल्यांकन नाही, खात्यात अमुक रक्कम दाखवा अशी अट नाही. म्हणूनच ही फाईल ‘सोपी’ म्हणून खपते. सोपी आहेही. पण तिथला अधिकारी तुमच्याशी क्वचितच बोलतो, तो तुमचा एक कागद दुसऱ्या कागदाशेजारी ठेवून वाचतो. दोन्हींवरच्या तारखा आणि नावं जुळली नाहीत की गाडं अडलं.

कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयआरसीसीच्या, या सेवेला पाचपैकी साडेतीन. दीड गुण कुठे कापला ते पुढे येईलच.

आधी प्रायोजक कोण होऊ शकतो ते पाहू. वय १८ पूर्ण आणि पीआर किंवा नागरिकत्व, एवढं तर हवंच. पीआर असलेला प्रायोजक मात्र कॅनडात राहणाराच लागतो. पीआर कार्ड खिशात आणि नोकरी दुबईत, असा माणूस बायकोला स्पॉन्सर करू शकत नाही, आणि हे बऱ्याच जणांना फॉर्म भरून झाल्यावर कळतं. नागरिकाला बाहेर नोकरी करत असतानाही अर्ज करता येतो, पण जोडीदाराला पीआर मिळाल्यावर दोघं कॅनडात येऊन राहणार हे दाखवावं लागतं: नोकरीचं पत्र, घराची बोलणी, मुलांच्या शाळेची चौकशी, असं काहीतरी कागदावरचं. प्रायोजक अपंगत्वाखेरीज दुसऱ्या कारणाने सरकारी मदतीवर जगत नसावा. जोडीदार पीआर झाला त्या दिवसापासून तीन वर्षं त्याच्या खर्चाची हमी प्रायोजकाच्या डोक्यावर राहते, मधे घटस्फोट झाला तरी सुटत नाही. शिवाय जो स्वतः जोडीदाराच्या नावावर पीआर झाला, त्याला पुढची पाच वर्षं नवा जोडीदार स्पॉन्सर करता येत नाही. क्युबेकमध्ये राहणाऱ्यांना प्रांताची वेगळी पायरी चढावी लागते. इथलं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू नाही.

खरा निर्णय रांग कुठली धरायची याचा, आणि आयआरसीसीची चेकलिस्ट तो काही नीट उलगडून सांगत नाही. अर्धा गुण तिथेच गेला. एक रांग कॅनडातली: दोघं तिथेच, एका पत्त्यावर राहतात. दुसरी फॅमिली क्लास, जिला सगळे ‘आउटलँड’, म्हणजे देशाबाहेरची, म्हणतात. नाव तसं असलं तरी कॅनडात वर्क परमिटवर असलेल्या जोडीदारालाही या दुसऱ्या रांगेत उभं राहता येतं, आणि पुष्कळदा तेच शहाणपणाचं असतं. कारण नकार आला तर आउटलँडमध्ये प्रायोजकाला ३० दिवसांच्या आत इमिग्रेशन अपील विभागाकडे दाद मागता येते. कॅनडातल्या रांगेत ही सोय नाही. फेडरल कोर्टाची परवानगी मागत बसावं लागतं.

दुसरा फरक प्रवासाचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी यायलाच हवी, असा आपल्याकडचा आग्रह. कॅनडातल्या रांगेतली लेक आली आणि परतताना विमानतळावर आत घेतलं नाही, तर ‘प्रायोजकासोबत कॅनडात राहते’ ही मूळ अटच मोडते आणि अर्ज अडचणीत येतो. आउटलँडवाल्याला ये-जा करायला अर्जाची आडकाठी नाही, फक्त व्हिसा चालू हवा. मग कॅनडातली रांग कोणी धरावी? ज्याचा परमिट संपून स्टेटस, म्हणजे तिथे राहायचा कायदेशीर हक्क, गेलाय, त्याने. जोडीदाराच्या बाबतीत खातं तेवढ्यावरून दार लावत नाही. मात्र अर्ज टाकला म्हणून काम करायची मुभा मिळते असं नाही, ती वेगळी मागावी लागते.

ती मुभा म्हणजे ओपन वर्क परमिट. एके काळी ती कॅनडातल्या रांगेपुरतीच होती. मे २०२३ पासून आउटलँडवाल्यालाही मिळते, दोघं कॅनडात एका घरी राहत असले तर. फी १५५ डॉलर आणि वर ओपन परमिटचे १०० डॉलर. अट एकच महत्त्वाची: पीआरच्या अर्जाची पोच, म्हणजे फाईल नंबर असलेलं एओआर पत्र, हातात पाहिजे. ते यायला आठवडे लागतात, कधी महिने. म्हणून सध्याचा परमिट संपायला सहा महिने उरलेले असतानाच पीआरची फाईल गेलेली बरी. जुना परमिट चालू असताना नवा मागितला, तर निकालापर्यंत जुन्याच अटींवर काम चालू ठेवता येतं, पण कॅनडात असेपर्यंतच. त्या काळात सीमा ओलांडली, तर परत आल्यावर नवा परमिट हातात पडेपर्यंत काम बंद. आणखी एक घोळ नावाचा आहे. विद्यार्थी आणि कामगारांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या ओपन परमिटवर २१ जानेवारी २०२५ पासून बरीच बंधनं आली. त्याचं-याचं नाव सारखंच, पण हा स्पॉन्सरशिपवाला परमिट निराळा. ‘आता बंद झालं’ म्हणून कोणी सांगितलं तर कुठला बंद झाला ते विचारा.

खर्च साफ आहे, त्याबद्दल सेवेला पूर्ण गुण. ३० एप्रिल २०२४ पासूनच्या दरानुसार प्रायोजकत्वाचे ८५, अर्जदाराच्या प्रक्रियेचे ५४५ आणि पीआर हक्काचे ५७५, असे १,२०५ कॅनडियन डॉलर होते. बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ वेगळे. पीआरचे हे आकडे दर दोन वर्षांनी एप्रिलअखेर वाढतात, त्यामुळे पैसे भरायच्या दिवशी साइटवरचा आकडा बघूनच भरा. पीआर हक्काची फी मागाहूनही भरता येते, पण तेवढ्यासाठी शेवटी फाईल थांबून राहते, एकदमच भरा. अर्ज नामंजूर झाला तर ती परत येते.

फॉर्म पाच: आयएमएम १३४४ (प्रायोजकत्वाचा), ५५३२ (नात्याच्या माहितीचा), ०००८ (मूळ अर्ज), ५६६९ (पार्श्वभूमीचा) आणि ५४०६ (कुटुंबाच्या माहितीचा). ऑनलाइन अर्जाचं पोर्टल बरं आहे, पीडीएफ मात्र जुन्या जमान्यातले. सायबर कॅफेत क्रोममध्ये उघडले की ‘कृपया थांबा’ एवढंच पान दिसतं आणि फॉर्म खराब आहे असं वाटतं. खराब नसतो. आधी डाउनलोड करायचा, मग कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडायचा. मोबाईलवर भरायच्या फंदात पडू नका. ५६६९ मध्ये गेल्या दहा वर्षांचा महिन्या-महिन्याचा हिशेब लागतो आणि एकही महिना मोकळा चालत नाही. इंजिनिअरिंग झाल्यावर आठ महिने घरी केळीच्या बागेत काम केलं असेल तर तसंच लिहा: घरची शेती, गाव, तालुका, महिना ते महिना. ‘काहीच करत नव्हतो’ म्हणून ती जागा रिकामी ठेवली की फाईल अपूर्ण म्हणून परत येऊ शकते. ५४०६ मध्ये सगळी भावंडं येतात, वारलेलीसुद्धा.

आता खान्देशातले कागद. इथे दोष आयआरसीसीचा नाही, आपला आहे.

लग्नाचा दाखला गावात ग्रामसेवक देतो, शहरात नगरपरिषद किंवा महानगरपालिका. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली. ज्ञापनावर, म्हणजे नोंदणीच्या अर्जावर, वर, वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताच्या सह्या लागतात, आणि लग्नानंतर ९० दिवसांत नोंद करायची असते. दाखल्यावर दोन तारखा छापलेल्या असतात: लग्न लागलं ती आणि नोंद झाली ती. फॉर्ममध्ये पहिली लिहायची. निम्मे लोक दुसरी लिहितात, आणि मग फॉर्मवरची तारीख पत्रिकेशी जुळत नाही, फोटोंशी जुळत नाही.

याहून वाईट प्रकार असा. मुलगा तीन आठवड्यांची सुट्टी काढून येतो, साखरपुडा होतो, लग्न पुढच्या लग्नसराईत ठरतं. मधे कोणीतरी सुचवतं की व्हिसाचं काम लवकर सुरू व्हावं म्हणून ग्रामपंचायतीत आधीच नोंद करून घ्या. न लागलेल्या लग्नाचा दाखला निघतो, पुढे सहा महिन्यांनी वाजतगाजत लग्न लागतं आणि पत्रिकेवर दुसरीच तारीख येते. आता हातात एकाच जोडप्याची दोन लग्नं. अधिकाऱ्याने याला खोटी माहिती ठरवलं, तर पाच वर्षांची बंदी. लवकरच करायचं असेल तर कायद्यातला रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४ चा: जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ३० दिवसांची मुदत, तीन साक्षीदार. ३० दिवस थांबायला वेळ नसेल, तर घरच्या घरी सप्तपदीसह खरोखरच लग्न लावा, दहा माणसांत का होईना, आणि त्याच तारखेची नोंद करा. पुढचा सोहळा हा ‘समारंभ’ आहे, असं ५५३२ मध्ये दोन ओळींत लिहा. फोनवर किंवा व्हिडिओवर लागलेलं लग्न कॅनडा २०१५ पासून धरत नाही. दोघंही प्रत्यक्ष हजर पाहिजेत.

या तारखेत आणखी एक सुरुंग पुरलेला आहे. प्रायोजक स्वतः पीआर झाला त्या दिवशी त्याचं लग्न झालेलं होतं आणि त्याने ते कळवलं नाही, तर तो त्या जोडीदाराला फॅमिली क्लासमध्ये सहसा स्पॉन्सर करू शकत नाही. ‘अर्ज टाकला तेव्हा मी अविवाहितच होतो’ हे उत्तर चालत नाही. पीआर प्रत्यक्ष मिळण्याच्या क्षणी काय होतं ते बघतात. एक्स्प्रेस एंट्रीची, म्हणजे गुणांवर मिळणाऱ्या पीआरची, फाईल चालू असताना गावाकडे लग्न करून आलेल्यांनी ते लगेच खात्याला कळवलंच पाहिजे. वरच्या ‘आधी नोंद’ प्रकारात हाच दाखला मुलाच्या पीआरच्या आधीचा निघाला, तर सगळंच मुसळ केरात.

पहिलं लग्न मोडलेलं असेल तर कोर्टाचा हुकूमनामा लागतो. स्टॅम्पपेपरवर चार पंचांच्या सह्यांनी झालेली फारकत अधिकाऱ्यापुढे टिकत नाही. आधी कोर्टातून संमतीचा घटस्फोट, मग अपिलाची मुदत जाऊ द्यायची, मग दुसरं लग्न. हा क्रम उलटा झाला तर दुसरं लग्नच कायदेशीर ठरत नाही, आणि जे लग्न इथे ग्राह्य नाही ते कॅनडालाही ग्राह्य नाही.

नावांचं तर काय सांगावं. माहेरी ‘मनीषा प्रल्हाद नेहते’, सासरी ‘मनीषा योगेश भोळे’. आधारवर एक, पदवीवर दुसरं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘मनिषाबाई’. पासपोर्टवर जे नाव आहे तेच फॉर्मवर मुख्य नाव म्हणून घ्या, बाकीची सगळी ‘इतर वापरलेली नावं’ या रकान्यात. आडनाव बदललंच पाहिजे असा कॅनडाचा आग्रह नाही. तरीही बदलायचं असेल तर फाईल टाकण्याआधी बदला किंवा पीआर झाल्यावर. मधेच नवा पासपोर्ट काढला की बायोमेट्रिक्स एका नंबरवर, फाईल दुसऱ्यावर, आणि वेबफॉर्म (खात्याच्या साइटवरचा संपर्काचा फॉर्म) भरून कळवत बसावं लागतं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना. भाषांतरासोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रत लागते.

नातं खरं असल्याचा पुरावा हा फाईलचा गाभा. फोटो जास्तीत जास्त २०, चॅट वगैरे जास्तीत जास्त १० पानं. म्हणून तीनशे फोटोंच्या अल्बममधून स्टेजवरचे वीस काढायचे नाहीत. हळदीचा एक, सप्तपदीचा एक, वरण-बट्टीच्या पंगतीत दोन्हीकडचे आई-वडील एकत्र बसलेत असा एक, आणि लग्नानंतरचे बाकी सगळे: श्रावणात कानबाईच्या रोटांना जमलेल्या भाऊबंदांमध्ये सूनबाई, दवाखान्यात सासूशेजारी, कॅनडातल्या भाड्याच्या घरात कपाट जोडताना. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, कोण कोण आहे. चॅटची दहा पानं एकाच आठवड्यातली नकोत. दर दोन-तीन महिन्यांतलं एखादं पान घ्या, घरखर्चाचं, आजारपणाचं, भांडणाचंसुद्धा.

५५३२ मध्ये विचारतात: पहिली भेट कधी, कोणी घडवली, लग्न कसं ठरलं, घरच्यांना कधी कळलं. बघण्याचा कार्यक्रम आणि लग्न यांत बारा दिवसांचं अंतर आपल्याकडे नवलाचं नाही, तिकडच्या माणसाला संशयाचं वाटू शकतं. ते लपवू नका, उलगडून सांगा. परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेतला बायोडाटा कोणत्या महिन्यात आला, मध्यस्थ कोण आणि त्याचं दोन्ही घरांशी नातं काय, मुलाची सुट्टी कोणत्या तारखेपर्यंत होती आणि म्हणून मुहूर्त कोणता धरला. जोडीला जळगावच्या फुले मार्केटमधलं बस्त्याचं बिल, सराफाची पावती, मंगल कार्यालयाची पावती. या तिन्ही कागदांवर दुकानदाराने स्वतःच्या हाताने तारीख टाकलेली असते, आणि ती कोणी अधिकाऱ्यासाठी म्हणून टाकलेली नसते. ‘आमचं एकमेकांवर खूप प्रेम आहे’ अशा ठरावीक मजकुराची, मित्रांच्या सह्यांची पाच प्रतिज्ञापत्रं यापुढे फिकी पडतात. कॅनडात एकत्र राहत असाल तर संयुक्त खातं, दोघांच्या नावाचा भाडेकरार, विम्यात वारस म्हणून जोडीदाराचं नाव. लग्न न करता राहणाऱ्यांना सलग १२ महिने एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो.

पोलीस दाखला, बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी या तीन गोष्टी सुटसुटीत आहेत. गेल्या दहा वर्षांत, १८ वय झाल्यावर, कॅनडा सोडून ज्या देशात सलग सहा महिने राहिलात त्या प्रत्येकाचा पोलीस दाखला द्यायचा. भारताचा पासपोर्ट सेवेतून, ५०० रुपयांत. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही अर्ज होतो, त्यामुळे जळगावातूनच काम होतं. आखातात काम केलेल्यांनी तिथला दाखला देश सोडण्याआधीच काढून ठेवावा, नंतर नाकी नऊ येतात. बायोमेट्रिक्ससाठी मुंबई, पुणे किंवा अहमदाबाद. पत्र आल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. बोटांच्या टोकांना मेंदी किंवा चिरा असतील तर ठसे नीट उठत नाहीत, तारीख तशी धरा. तपासणी आयआरसीसीच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. आपला नेहमीचा एमडी कितीही नावाजलेला असो, चालत नाही. तपासणी वर्षभरच ग्राह्य, म्हणून खात्याचं पत्र येईपर्यंत उगाच आधी करून बसू नये. शुगर, किडनी असल्या खर्चिक आजारावरून जोडीदाराचा अर्ज नाकारता येत नाही, ही या सेवेतली खरोखर माणुसकीची गोष्ट.

फोटो मात्र स्टुडिओवाल्याला मापासकट सांगावा लागतो. पीआरचा फोटो ५० बाय ७० मिलिमीटर, हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत चेहरा ३१ ते ३६ मिलिमीटर. नुसतं ‘पासपोर्ट साइज’ म्हटलं की ३५ बाय ४५ हातात पडतो.

एजंट लागतो का? नेहमीच्या, साध्या जोडप्याला नाही. आधीचा नकार, पोलीस केस, लपलेलं लग्न किंवा गेलेलं स्टेटस असेल तर जरूर मदत घ्या, पण पैसे घेऊन काम करायचा अधिकार कॅनडातल्या वकिलाला, क्युबेकच्या नोटरीला किंवा तिथल्या परवानाधारक सल्लागारांच्या ‘कॉलेज’ नावाच्या नियामक संस्थेच्या नोंदवहीतल्या सदस्यालाच आहे. ती नोंदवही ऑनलाइन खुली आहे. नाव टाका, दोन मिनिटांत कळतं. जो एजंट फाईल भरतो पण आयएमएम ५४७६ वर प्रतिनिधी म्हणून स्वतःचं नाव घालत नाही, तो उद्या चूक निघाल्यावर ‘फॉर्म तुम्हीच भरला’ म्हणायला मोकळा. पोर्टलचा पासवर्ड आणि ईमेल स्वतःकडेच ठेवा.

उरलेला एक गुण कापला तो वाट पाहायला लावण्यासाठी. खात्याचं स्वतःचं मानक १२ महिन्यांचं. कॅनडातल्या रांगेत ते पाळलं जाईलच असं धरून चालू नका. मधल्या काळात पोर्टलवर महिनोन् महिने तीच ओळ दिसते, आणि वेबफॉर्मला येणारं उत्तरही बहुधा साच्यातलंच असतं. या काळात मूल झालं, नोकरी गेली, पत्ता बदलला तर कळवायचं. प्रायोजक पीआर असेल तर त्याने लांबचा मुक्काम कॅनडाबाहेर टाकू नये.

शेवटी कॅनडातल्या अर्जदाराला पोर्टलवरच पीआरची पुष्टी मिळते. कॅनडाबाहेर असलेल्या अर्जदाराचा पासपोर्ट मागवतात आणि पुष्टिपत्रावरच्या तारखेच्या आत कॅनडात उतरावं लागतं. ती तारीख बहुधा वैद्यकीय तपासणीची मुदत संपते तीच असते. ‘हो’ म्हणण्याआधी पुष्टिपत्रावरचं नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर-अक्षर ताडून बघा. नंतर दुरुस्तीला पुन्हा अर्ज. पीआर कार्ड कॅनडातल्या पत्त्यावरच येतं. आणि वर्क परमिटवर असताना मिळालेला ९ ने सुरू होणारा सिन (सोशल इन्शुरन्स) नंबर बदलून कायमचा घ्यायचा, मालकाला आणि बँकेला कळवायचा.